पंचवीस फूट फिल्म

इस्राएलमध्ये मी तीसेक वर्षं माहितीपट केले. आता करत नाही. शिकणारी मुलं कधी घरी येतात, टेपरेकॉर्डर समोर ठेवतात आणि विचारतात, तुम्ही सिनेमात कशा आलात. मी सांगते, फिल्म धुण्याच्या एका प्रयोगशाळेत निगेटिव्ह कापायचं काम मिळालं, तिथून. हे खोटं नाही. पण त्याच्या आधी मी एकदा फिल्म कापली होती, रत्नागिरीत, आणि ती फिल्म माझी नव्हती. हिब्रूत ही हकिगत सांगायची म्हणजे आधी अर्धा तास रत्नागिरी समजावून सांगावी लागते. मराठीत ती अडचण नाही. माझं मराठी मात्र आम्ही निघालो त्या वर्षाचं राहिलं आहे, ते वाचणाऱ्याने चालवून घ्यावं.

माझे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रस्ते, मोऱ्या, साकव हे त्यांचं काम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. रत्नागिरीत आमची तीन-चार घरं होती, तीही नोकरीनिमित्त आलेली. आम्ही आमच्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतो. ती गावात नव्हती, त्यामुळे मोठ्या सणांना बोटीने मुंबई गाठायची. एरवी आमच्यात आणि शेजाऱ्यांत फरक जाणवायचा तो शनिवारी आणि मासळीच्या वेळी. शनिवार आमचा धर्माचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी चुलीत विस्तव नसे. आणि खवले नसलेला मासा आम्हाला चालत नाही हे कोळणींना पाठ होतं. टोपलीत सरंगा किंवा बांगडा असला तर त्या पायरीवर बसत, नुसती कोळंबी आणि माकूल असले तर न विचारता पुढे जात.

मी मुंबईत नर्सिंग शिकून परत आले आणि गावातल्या एका लहान प्रसूतिगृहात कामाला लागले. चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई, दोन नर्स आणि एक आया, एवढाच कारभार. खाटा आठ. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती, पण गावातली बहुतेक बाळंतपणं अजून घरीच होत. बाईला घेऊन आमच्याकडे धावायचं ते काही अडलं तर. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सुईणींसाठी वर्ग काढला होता. आठवड्यातून दोन दुपारी आसपासच्या दहा-बारा सुईणी येत. हात कसे धुवायचे, नाळ कशाने कापायची, कोणती बाई आपल्याच्याने सुटणार नाही हे कसं ओळखायचं, हे मी त्यांना शिकवत असे. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि एकही मूल मला झालेलं नव्हतं. त्या सगळ्या माझं ऐकून घेत.

त्यांच्यात राजिवड्याची, म्हणजे खाडीकाठच्या मोहल्ल्यातली, खाला होती. साठीच्या आसपासची, काटक, दोन्ही मनगटांत काचेच्या हिरव्या बांगड्या. तिचा नवरा जहाजावर खलाशी होता आणि वर्षातले दहा महिने बाहेर असायचा. माझ्या आईची दोन्ही बाळंतपणं तिनेच केली होती, म्हणजे मला या जगात पहिला हात लागला तो तिचा. वर्गात एकदा मी ब्लेड उकळून दाखवलं. वर्ग संपल्यावर तिने पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर उघडला. आत धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं कोरं ब्लेड, दोऱ्याचं रीळ आणि साबणाची वडी होती.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"तुझ्या आईच्या वक्ताला पण हेच होतं," ती म्हणाली. "तू बघितलं नसशील."

तिची नखं माझ्या नखांपेक्षा बारीक कापलेली असत.

एका वर्षी दिवाळीनंतर मुंबईहून चार माणसं बोटीने आली. कॅमेऱ्याच्या पेट्या पडावातून धक्क्यावर उतरवताना त्यांनी एवढी आरडाओरड केली की आत कोणी आजारी माणूस असावं असं बंदरावरच्या लोकांना वाटलं. सुईणींच्या शिक्षणावर दहा-बारा मिनिटांची फिल्म करायची होती, गावोगाव दाखवण्यासाठी. आमच्या वर्गाची माहिती कुणीतरी त्यांना दिली होती. त्यांचे दिग्दर्शक चाळिशीचे, किडकिडीत, फार सभ्य गृहस्थ होते. मला 'सिस्टर' म्हणत. कोकणचं जेवण त्यांना सोसलं नाही. दहा दिवस ते पेजेवर राहिले.

फिल्ममध्ये एक नर्स हवी होती. माझ्या बरोबरीच्या नर्सचं लग्न ठरलेलं होतं, तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं. राहिले मी. मी वडिलांना विचारलं.

"लुगडं कोणतं?" त्यांनी विचारलं.

"लुगडं नाही. आपला कामावरचा पोशाख."

"मग तू रोज जे करतेस तेच करायचंय ना?"

"तेच."

"मग मला कशाला विचारतेस," असं म्हणून ते परत त्यांच्या नकाशाकडे वळले.

दिग्दर्शकांना खरी सुईणही हवी होती. मीच त्यांना राजिवड्याला खालाकडे घेऊन गेले. दुसरी कुणी मला सुचलीही नाही. खालाने त्यांना बसायला घोंगडी घातली, चहा दिला आणि मला म्हणाली, "तू असशील तर मी येते."

शूटिंग मिरजोळ्याला एका चिऱ्यांच्या घरात होतं. आत इतका अंधार की कॅमेऱ्याला काही दिसेना. मग घरमालकाच्या परवानगीने छपरावरची पन्नास-साठ कौलं उतरवली आणि वरून ऊन आत घेतलं. बाळंतीण म्हणून त्याच वाडीतली एक बाई पोटाला उशी बांधून निजली. खालाने नाळ कापायला जमिनीवर पडलेला गंजका विळा उचलायचा, लुगड्याच्या सोग्याला पुसायचा आणि बाळंतिणीच्या पायाशी बसायचं, असं तिला सांगण्यात आलं.

खाला विळ्याकडे बघत उभी राहिली. "असं कोण करतं?"

"पूर्वी करायचे ना, आजी," दिग्दर्शक म्हणाले.

"करत असतील. मी नाय केलं."

"तुम्ही केलंत असं कोण म्हणतंय? हे नाटक आहे. लोकांना चूक दाखवली तरच बरोबर काय ते कळणार."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस, बाय?"

हा प्रश्न तिने मला विचारला होता, त्यांना नाही. मला त्या दहा दिवसांत कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. दिग्दर्शकांनी मला दोनदा त्यातून बघू दिलं होतं. चौकटीच्या आत जे आलं ते एकदम महत्त्वाचं होतं आणि बाहेरचं उरतच नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. ऊन कलायला लागलं होतं, चारही माणसं खोळंबली होती.

"फक्त दाखवायचंय, खाला," मी म्हटलं. "उद्या तुझं खरं काम घेणार आहेत, ते याच्या लगेच पुढे येईल."

"लोकांना कळेल ना, मी असं करत नाय ते?"

"कळेल."

तिने विळा उचलला. दिग्दर्शकांनी तो प्रसंग चार वेळा घेतला, कारण खाला विळा धरताना दर वेळी तोंड फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी तिचं खरं काम घेतलं. ते एकदाच घ्यावं लागलं. ती कोपरापर्यंत हात धुवायला बसली तेव्हा कॅमेरा चालू आहे हे विसरूनच गेली. टोपातलं पाणी उकळेपर्यंत थांबली, ब्लेड चिमट्याने काढलं, फडक्यावर ठेवलं. दिग्दर्शक हळूच "वा" म्हणाले. मी तिथे होते. ते चित्रण झालं होतं याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

फिल्म तयार होऊन यायला पुढचा पावसाळा उलटला. सरकारी प्रचाराची गाडी असायची, तिच्यातून आली. गाडीत प्रोजेक्टर, जनरेटर, लाउडस्पीकर आणि घडीचा पांढरा पडदा, आणि हे सगळं सांभाळणारा एक ऑपरेटर. तो राजापूरकडचा, पन्नाशीचा. जनरेटरशेजारी बसून बसून त्याचा एक कान गेला होता. फिल्मचे डबे तो उन्हात ठेवू देत नसे आणि हात लावू देत नसे.

पहिला खेळ गावातल्या मैदानात दिवेलागणीला झाला. आम्ही प्रसूतिगृहातल्या सगळ्याजणी पुढे बसलो होतो. खाला नव्हती, तिला मिऱ्याकडे एका बाळंतपणाला बोलावणं आलं होतं. पडद्यावर मिरजोळ्याचं घर आलं, बाळंतीण कण्हू लागली, आणि विळा उचलणारी खाला दिसली. तिच्यावर निवेदकाचा भारदस्त आवाज आला, अडाणी सुईण आईच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळ करते. मैदानात कुजबुज झाली. मागून एक बाई म्हणाली, "ही तर राजिवड्याची खाला." मग दार उघडून मी आत आले, स्वच्छ पोशाखात, हातात बॅग. मी ब्लेड उकळलं, मी हात धुतले, मी बाळ आईच्या कुशीत दिलं. मी पुढच्या तुकड्याची वाट पाहत राहिले. पडद्यावर उगवता सूर्य आला आणि फिल्म संपली. खालाचं दुसऱ्या दिवशीचं काम त्यात कुठेच नव्हतं.

लोक येऊन माझं कौतुक करत होते. मी बरी दिसत होते, हे खरं आहे.

परिणाम दिसायला दोन महिने लागले. खालाला सांगून ठेवलेली गावातली तीन घरं आमच्याकडे नाव घालायला आली. डॉक्टरीणबाईंना आनंद झाला. मी त्यातल्या एका सासूबाईंना विचारलं, "तुमच्या दोन्ही मुली खालाच्याच हातच्या ना?"

"हो, पण तेव्हा आम्हाला काय माहीत," त्या म्हणाल्या. "तिचा विळा बघितला आम्ही."

"तो विळा तिचा नव्हता. ते नाटक होतं."

"सरकारच्या सिनेमात खोटं कशाला दाखवतील?"

काही दिवसांनी खाला स्वतः आली. वर्गाचा दिवस नव्हता. बाहेरच्या बाकावर बसून राहिली, मी मोकळी होईपर्यंत.

"बाजारात मना विळेवाली म्हणतात," तिने सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता, बातमी सांगावी तसं. मग म्हणाली, "मी काय ते बघितलं नाय. पण जी बघून आली ती सांगते, ब्लेडचं काम तू करतेस. माझं ब्लेडचं काम कुठं गेलं?"

"मला माहीत नाही, खाला."

"तू होतीस ना तिथं?"

"होते."

ती उठून गेली. पुढच्या वर्गाला आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

मी मुंबईला दिग्दर्शकांना पत्र लिहिलं. उत्तर टाइप केलेलं आलं. फिल्मची लांबी ठरलेली होती, त्यामुळे काही भाग नाइलाजाने वगळावा लागला, माझं काम सर्वांना पसंत पडलं होतं, आजींना नमस्कार सांगावा. पत्रात उर्मट असं काही नव्हतं. मी त्यांना दुसरं पत्र लिहिलं नाही.

मग मी ऑपरेटरला गाठलं. गाडी तेव्हा जिल्ह्यात फिरत होती आणि दर चार-पाच दिवसांनी रत्नागिरीला परत येत होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो चांगला कान माझ्याकडे करून ऐकत राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, मी दाखवणारा. बनवणारा नव्हे."

"निदान खेळाआधी मला दोन शब्द बोलू द्या."

त्याला त्याची हरकत नव्हती. पुढचा खेळ पालीला होता, बाजाराच्या दिवशी. मी डॉक्टरीणबाईंकडून रजा घेतली आणि गाडीतून गेले. माइक हातात घेऊन सांगितलं की, या फिल्ममधली सुईण खरी चांगली आहे, तिचे हात स्वच्छ आहेत, तिला तसं वागायला आम्ही लावलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. फिल्म झाल्यावर एक बाई माझ्याजवळ आली, कडेवर मूल घेऊन. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण आम्ही बघितलं ना."

पुढे आयुष्यभर मी याच धंद्यात राहिले. सिनेमाविषयी याच्याहून खरं वाक्य मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

त्यानंतरच्या खेळाला मी पुठ्ठ्याचा तुकडा नेला आणि तो प्रसंग आला तेव्हा भिंगासमोर धरला. हा माझा मूर्खपणा होता. पडदा काळा झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि काळ्या पडद्यावर निवेदकाचा आवाज आधीपेक्षाही स्पष्ट ऐकू आला. ऑपरेटरने माझा हात बाजूला केला. परतताना गाडीत, हातखंब्याच्या उतारावर तो म्हणाला, "झाकून काय होणार? काढायला पाहिजे."

"काढता येतं?"

"फाटलेली फिल्म आम्ही जोडतोच की. फाटली तर थोडी कापावी लागते. किती फाटली ते कोण विचारतंय."

त्याला सुट्टी शनिवारी होती. आमच्या घरी शनिवारी कुणी कात्री हातात घेत नसे, सुईसुद्धा नाही. प्रसूतिगृहातलं काम मी शनिवारीही करत असे, कारण जिवाच्या प्रश्नाला शनिवार आड येत नाही असं वडीलच सांगत. त्या शनिवारी मी दुपारी कामावर जाते असं सांगून निघाले आणि ऑपरेटरच्या खोलीवर गेले. त्याने खिडकीशी टेबल ओढलं होतं. दार सताड उघडं ठेवलं होतं, लोकांनी भलतंसलतं बोलू नये म्हणून.

त्याने मला फिल्म उजेडासमोर धरून बघायला शिकवलं. एवढीएवढीशी चित्रं, एकसारखी एक, आणि दहा-बारा चित्रांनंतर हात जेमतेम हललेला. मी विळ्याच्या सुरुवातीचं चित्र शोधलं, मग मी दारातून आत येते ते. मधे पंचवीस फुटांच्या आसपास होतं. तो म्हणाला, "तुम्हीच कापा. मी चहाला गेलोय," आणि माझ्या मागे उभा राहिला.

मी कापलं. टोकावरचा काळसर थर ब्लेडने खरवडायचा, त्यावर चिकट द्राव लावायचा, दुसरं टोक बरोबर छिद्रावर छिद्र ठेवून दाबायचं आणि शंभर आकडे मोजायचे. द्रावाला पिकल्या केळ्यासारखा वास होता. पहिला सांधा सुटला. दुसरा बसला. ऑपरेटरने तो दोन्ही बाजूंना ओढून पाहिला आणि म्हणाला, "नर्सचा हात आहे."

घरी गेल्यावर मी वडिलांना खरं सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"कुणाच्या जिवाचा प्रश्न होता का?"

"नाही."

"मग उद्या करता आलं असतं."

"उद्या गाडी लांज्याला जाणार होती."

मला वाटतं, त्यांना ते पटलं नाही. आणि त्यांनी तो विषयही परत काढला नाही.

नव्या रूपातली फिल्म मी एकदाच पाहिली. बाळंतीण कण्हते आणि एकदम दार उघडून मी आत येते. कुणाला काही खटकलं नाही. पण फिल्मवर एखाद्या चित्राचा आवाज त्या चित्राच्या जरा आधी छापलेला असतो, हे त्या वेळी आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. खालाचं चित्र गेलं, पण तिच्यावरचे पहिले दोन शब्द फिल्ममध्येच राहिले. पडद्यावर माझा चेहरा आला आणि निवेदक भारदस्त आवाजात म्हणाला, "अडाणी सुईण."

माणसं हसली. ऑपरेटर हसताना मी तेव्हाच पाहिला. मी त्याला म्हटलं, हेही काढू या. तो म्हणाला, "राहू दे, सिस्टर. अजून कापली तर फाटली म्हणून सांगता येणार नाही." ती तशीच राहिली. फिल्म मुंबईला परत गेल्यावर त्याला लेखी जाब विचारण्यात आला. मशीनमध्ये अडकून फाटली, असं त्याने कळवलं, आणि त्याच्या कागदांत निष्काळजीपणाचा शेरा बसला. हे त्याने मला सांगितलं नाही. मला ते बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं, तोवर त्याची बदली झाली होती.

आता वाचणाऱ्याला वाटेल की त्यानंतर खालाचं काम परत मिळालं. तसं झालं नाही. फिल्म कापली तरी गावाने ती आधीच पाहिली होती. राजिवड्यातली तिची माणसं तिला बोलावत राहिली, पण बाकी गावातून बोलावणी आली नाहीत. वर्षभरात ती राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी मुलीकडे राहायला गेली.

तोपर्यंत आमच्या घरात इस्राएलचं बोलणं सुरू झालं होतं. भाऊ आधी गेला होता आणि त्याची पत्रं येत होती. वडिलांची निवृत्ती जवळ आली होती. मला जायचं होतं की नव्हतं, हे आठवत नाही. जायचं ठरलं एवढं आठवतं. कागद आले तेव्हा मी खालाचा निरोप घ्यायला नाट्याला गेले.

ती अंगणात बांगडे वाळत घालत होती. मला बघून हात धुतले, आपल्या पद्धतीने, कोपरापर्यंत. मुलगी चहा करायला आत गेली. मी पिशवीतून त्या कापलेल्या फिल्मची गुंडाळी काढून तिला दिली आणि काय केलं ते सांगितलं. खालाने ती उलगडून उन्हासमोर धरली. डोळे बारीक करून बघत राहिली.

"मी एवढीशी?"

"पडद्यावर मोठी दिसतेस."

"विळा दिसतो. तोंड नाय दिसत." तिने अजून थोडी उलगडली. "हां. इकडे दिसतं. तोंड फिरवलंय मी."

"खाला, माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलंच तुझं," ती म्हणाली. "त्यांना काय माहीत मी कोण. तुला माहीत होतं."

मुलीने चहा आणला. आम्ही प्यालो. नाट्यात तिला काम होतं. त्या महिन्यात तिने चार बाळंतपणं केली होती आणि एका बाईला वेळेवर राजापूरला पाठवलं होतं. त्या बाईविषयी तिने मला सविस्तर विचारलं, सूज कशामुळे आली असेल वगैरे, आणि मी सांगितलेलं नीट ऐकून घेतलं. गुंडाळी तिने ठेवून घेतली नाही. म्हणाली, "माझ्या घरात कशाला ती? तूच ने." मी निघताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, जशी ती प्रत्येक बाळावरून मोडायची. त्यानंतर आमची भेट नाही. आम्ही गेल्यावर सात-आठ वर्षांनी ती वारल्याचं कळलं.

तिकडे आम्हाला वाळवंटातल्या एका नव्या गावात घर मिळालं. माझ्या नर्सिंगच्या प्रमाणपत्राचा अर्थ लागेपर्यंत मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम केलं. फिल्मच्या गुंडाळीचे वेढे पहिल्याच उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत वितळून एकमेकांना चिकटले, ती टाकून दिली. आम्ही बेने इस्राएल पुरेसे यहुदी आहोत की नाही, यावर तिथे काही वर्षं वाद चालला. मला लोक विचारतात, त्यावर फिल्म का केली नाही. ज्यांनी केल्या त्यांनी केल्या. मला त्या वेळी हिब्रू नीट येत नव्हतं, आणि नंतर तो राग माझ्यात तेवढा उरला नव्हता.

प्रयोगशाळेतलं काम वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून मिळालं. निगेटिव्ह कापायला स्वच्छ हाताच्या, नखं न वाढवणाऱ्या बायका हव्या होत्या. मुलाखतीत मला दोन तुकडे जोडायला दिले. मी जोडले. कुठे शिकलात, असं विचारल्यावर मी म्हटलं, इस्पितळात. चार वर्षांनी मी संकलकाची मदतनीस झाले, मग संकलक.

एक गोष्ट लिहिली पाहिजे. संकलक झाल्यावर दुसऱ्याच वर्षी माझ्या टेबलावर एका कापड गिरणीवरची फिल्म आली. तिच्यात एका कामगार बाईला विचारलं होतं, तुम्ही इथे सुखी आहात का. ती म्हणाली होती, "हात दुखतात, पण मुलं शाळेत जातात, म्हणून सुखी आहे." निर्मात्याने सांगितलं, 'हात दुखतात, पण' एवढं काढा. मी काढलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. मी म्हटलं असतं, राहू द्या, तर कदाचित राहिलंही असतं. त्या दुपारी मला खाला आठवली नाही. ती आठवली दोन दिवसांनी, भाजी चिरताना.

स्वतःच्या फिल्म मी चाळिशीनंतर करू लागले. बेकरीवाले, धुलाईखान्यातल्या बायका, सीमेवरच्या एका शाळेचा पहारेकरी, अशी माणसं. फिल्म पक्की होण्याआधी ती ज्या माणसांची आहे त्यांना दाखवायची, आणि ती म्हणतील ते काढायचं, असा नियम मी केला. निर्मात्यांना तो आवडत नसे. बेकरीवाल्याने पूर्ण फिल्मलाच नकार दिला. दीड वर्षाचं काम कपाटात गेलं, आणि त्या निर्मात्याने मला पुन्हा बोलावलं नाही. माझ्यापेक्षा चांगल्या दिग्दर्शकांचा असा नियम नव्हता, हेही मला माहीत आहे.

धुलाईखान्यावरची फिल्म मी तिच्यातल्या मुख्य बाईला तिच्याच घरी दाखवली, भिंतीवर चादर लावून. तिच्यात एक प्रसंग असा होता की ती आपल्या मोठ्या मुलावर ओरडते आणि मग रडते. तो फिल्मचा कणा होता. ती हरकत घेणार अशी माझी खात्री होती, आणि तो गेला तर काय करायचं याचा विचार करून मी आले होते. ती पुढे वाकून बघत होती. ओरडण्याचा प्रसंग आला, गेला, ती तशीच बघत राहिली. संपल्यावर मी विचारलं, "काही काढायचंय?"

"हो," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा दिसतो एकदा. त्या आठवड्यात मी तो धुतला नव्हता."

मी तो तुकडा काढला. तीन सेकंदांचा होता. माझा संकलक म्हणाला, त्यामुळे त्या जागी लय मोडते. त्याचं म्हणणं बरोबर होतं, तरी तुकडा बाहेरच राहिला.